शिकलेलं विसरताना

१८ जुलै १९४२ रोजी दक्षिण जर्मनीतल्या लाइपहाइमच्या धावपट्टीवर फ्रिट्झ वेंडेल मेसरश्मिट २६२ घेऊन उभा होता. वेंडेल काही नवशिका नव्हता. एप्रिल १९३९मध्ये त्याने ताशी ७५५ किलोमीटर वेगाचा जागतिक विक्रम केला होता, आणि पिस्टन इंजिनाच्या विमानांपुरता तो विक्रम पुढची तीस वर्षं कुणाला मोडता आला नाही. आज मात्र त्याच्या विमानाच्या नाकावर प्रॉपेलर नव्हता. दोन्ही पंखांखाली जेट इंजिनं होती, आणि शेपटीखाली जुन्या धाटणीचं छोटं चाक. प्रॉपेलरच्या विमानात पाती मागे जो वारा फेकतात तो शेपटीवर आदळतो, त्यामुळे वेग कमी असतानाही शेपटी वैमानिकाचं ऐकते. इथे तो वाराच नव्हता. नाक वर, शेपटी खाली अशा अवस्थेत विमान भरधाव धावत होतं, आणि पंखांच्या आड दडलेल्या शेपटीला हवा लागत नव्हती. दांडी कितीही पुढे रेटली तरी ती जमीन सोडेना. यावर उपाय ठरला तो चमत्कारिक होता. ताशी सुमारे १८० किलोमीटर वेग गाठल्यावर वेंडेलने ब्रेक हलकेच दाबले. त्या झटक्याने नाक खाली झुकलं, शेपटी उचलली गेली, तिला हवा मिळाली आणि विमान उडालं.

उड्डाण घेताना ब्रेक दाबायचा हे कुठल्याही प्रशिक्षकाने तोवर शिकवलं नव्हतं. उलट तसं करणाऱ्याला त्याने विमानातून खाली उतरवलं असतं. पुढे या विमानाला नाकाखाली चाक बसवलं गेलं आणि ही कसरत संपली. पण तिच्यात दिसलेली अडचण संपायला आणखी वीस-पंचवीस वर्षं लागली. हे पुस्तक त्या वर्षांविषयी आणि त्या वर्षांतून गेलेल्या वैमानिकांविषयी आहे.

साधारण १९१५ ते १९२५ या दहा वर्षांत जन्मलेली ही माणसं. त्यांनी पहिलं उड्डाण केलं ते बहुधा कापड ताणलेल्या दुपंखी विमानात. दुसऱ्या महायुद्धात ती हरिकेन, स्पिटफायर, मस्टँग नाहीतर मेसरश्मिट १०९ घेऊन लढली. तिशीच्या आतबाहेर जेटच्या कॉकपिटमध्ये बसली, आणि त्यांतली काही चाळिशीत ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या विमानांची जबाबदारी सांभाळत होती. त्यांच्या आधीच्या पिढीतल्या बहुतेकांना जेट उडवायला मिळालं नाही; नंतरच्या पिढीने युद्धातलं प्रॉपेलर विमान संग्रहालयात बघितलं. दोन्ही विमानं हाताळलेली पिढी ही एकच. तिची गोष्ट नेहमी वेगाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. या संग्रहाचा रोख वेगळा आहे. शेकडो तास उडून कमावलेलं कौशल्य एका रात्रीत अपुरं, कधी तर घातक ठरतं, तेव्हा कसलेला माणूस काय करतो? काय विसरतो, काय जपून ठेवतो, आणि त्याला हे दोन्ही वेगळं कसं कळतं?

प्रॉपेलरची मर्यादा १९३०च्या दशकातच अभियंत्यांच्या लक्षात आली होती. विमानाचा वेग वाढत गेला की पात्यांची टोकं विमानाच्या आधी ध्वनिवेगाच्या जवळ पोचतात. तिथे हवा नीट सरकेनाशी होते आणि इंजिनाची ताकद वाया जाऊ लागते. मोठं इंजिन बसवावं तर वजन वाढतं, थंड ठेवण्याचा प्रश्न वाढतो, आणि वेगात पडणारी भर मात्र थोडीच. ब्रिटिश हवाई दलातला तरुण अधिकारी फ्रँक व्हिटल याने १९३०मध्ये जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा तो स्वतः उडणारा वैमानिक होता. जर्मनीत हान्स फॉन ओहाइन स्वतंत्रपणे त्याच दिशेने गेला. त्याच्या इंजिनावर हाइंकेल १७८ हे विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडालं, पोलंडवरच्या हल्ल्याच्या पाच दिवस आधी. व्हिटलच्या इंजिनावरचं ग्लॉस्टरचं विमान १५ मे १९४१ला उडालं. जर्मनीचं आणि ब्रिटनचं पहिलं जेट विमान अशी एकमेकांचा पत्ता नसताना जन्मली.

१९४४च्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंची जेट विमानं युद्धात उतरली. ब्रिटनच्या ६१६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने मीटिअर विमानं उडणाऱ्या व्ही-१ बॉम्बच्या पाठलागावर सोडली. जर्मन मेसरश्मिट २६२ वेगात दोस्तांच्या कुठल्याही लढाऊ विमानाच्या पुढे होतं, पण त्याच्या इंजिनाचं आयुष्य दहा ते पंचवीस तासांचं. उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूंसाठी लागणारं निकेल, क्रोमियम जर्मनीजवळ पुरेसं उरलं नव्हतं. थ्रॉटल घाईने पुढे ढकलला की इंजिन विझायचं, नाहीतर पेटायचं. दोस्तांच्या मस्टँग वैमानिकांनी यातला कच्चा दुवा बरोबर हेरला. ते जर्मन विमानतळांवर घिरट्या घालत आणि जेट उतरायला येऊन हळू झालं की त्याला गाठत. अमेरिकी वैमानिक चक येगरनेही एक मेसरश्मिट २६२ असंच उतरताना टिपलं होतं.

या बदलाची नेमकी जाणीव व्हायची तर कॉकपिटमध्ये डोकवावं लागतं. स्पिटफायरचं नाक इतकं लांब आणि शेपटी जमिनीवर इतकी खाली, की वैमानिकाला समोरचं काही दिसत नसे. धावपट्टीकडे जाताना त्याला नागमोडी जावं लागे. थ्रॉटल पुढे केला की इंजिनाच्या जोराने विमान एका अंगाला ओढलं जाई, ते पायाने सावरायचं. थ्रॉटल मागे घेतला की फिरणारी पातीच ब्रेकचं काम करत. उतरताना अंदाज चुकला तरी हरकत नसे. थ्रॉटल पुढे केला, की इंजिन लगेच उचलून घेई. शिवाय कान आणि बूड ही दोन उपकरणं कायम सोबतीला होती. आवाजात खरखर आली, सीटमध्ये थरथर जाणवली, की काटे हलण्याआधी वैमानिकाला बिघाड कळे.

जेटमध्ये यातलं जवळजवळ सगळं पालटलं. पहिल्या भेटीत जेट फार गोड वाटे. समोरचं सगळं स्वच्छ दिसतं, विमान एका अंगाला ओढलं जात नाही, हादरे नाहीत. धोका नंतर कळायचा. थ्रॉटल पुढे केला तरी इंजिनाला गती घ्यायला कित्येक सेकंद लागायचे, आणि उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात तेवढे सेकंद हाताशी नसत. थ्रॉटल मागे घेतला तरी विमान हळू होत नसे, कारण अडवणारी पातीच नव्हती. कमी उंचीवर इंधन धो-धो जळायचं. परत एक फेरी मारून येऊ, अशी चैन परवडत नसे. आणि कान बहिरे झाले होते. इंजिनाची तब्येत आता तापमानाच्या काट्यावरून वाचायची. थोडक्यात, निर्णय अर्धा मिनिट आधी घ्यायचा आणि अंगाऐवजी काट्यावर भरवसा ठेवायचा. नव्या पोराला हे सोपं होतं. हजार तास उडालेल्याला नव्हतं, कारण संकटात त्याचा हात डोक्याला न विचारता हलायचा, आणि तो जुन्या विमानासारखा हलायचा.

याची किंमत मोठमोठ्यांनी मोजली. रिचर्ड बाँग हा अमेरिकेचा सर्वाधिक विमानं पाडणारा वैमानिक. प्रशांत महासागरावर पी-३८ विमानातून त्याने शत्रूची ४० विमानं पाडली होती. सरकारने त्याला युद्धातून सुखरूप परत बोलावलं आणि लॉकहीडच्या नव्या पी-८० जेटच्या चाचणीवर नेमलं. ६ ऑगस्ट १९४५ रोजी कॅलिफोर्नियातल्या बरबँक इथून उड्डाण घेताना त्याच्या जेटचा मुख्य इंधनपंप बंद पडला. उड्डाणाच्या वेळी राखीव पंप चालू ठेवायचा, असा या विमानाचा दंडक होता. पण तो वेळेत कामाला आला नाही. बाँग बाहेर पडला तेव्हा पॅराशूट उघडण्याइतकी उंची उरली नव्हती. अमेरिकी वर्तमानपत्रांत ही बातमी हिरोशिमाच्या बातमीबरोबर छापून आली. जेटवर त्याचे उणेपुरे काही तासच झाले होते.

ब्रिटनमध्ये मीटिअरने घेतलेले बळी तर शांतताकाळातले आहेत. सेवेच्या संपूर्ण काळात ब्रिटिश हवाई दलाची नऊशेच्या आसपास मीटिअर विमानं नष्ट झाली आणि सुमारे साडेचारशे वैमानिक गेले. यातले काही अपघात एक इंजिन मुद्दाम बंद करून उतरण्याच्या सरावात झाले. खऱ्या बिघाडाची तयारी म्हणून केलेला सरावच माणसं मारत होता, आणि ही गोष्ट मान्य व्हायला वर्षं लागली.

आकाशाच्या वरच्या टोकाला दुसराच पेच होता. ध्वनिवेगाजवळ हवा दाबली जाऊन धक्कालहरी तयार होतात, आणि शेपटीचे हलते भाग निकामी ठरतात. युद्धकाळातच खोल सूर मारणाऱ्या पी-३८ वैमानिकांना दांडी सिमेंटमध्ये रोवल्यासारखी घट्ट झाल्याचा अनुभव आला होता. २७ सप्टेंबर १९४६ रोजी जेफ्री द हॅविलँड, विमाननिर्मात्या बापाचा मुलगा, डीएच १०८ हे शेपटीविना जेट घेऊन गेला आणि ते हवेतच फुटलं. वर्षभराने, १४ ऑक्टोबर १९४७ला, येगरने बेल एक्स-१ या रॉकेट विमानातून ध्वनिवेग ओलांडला. त्यात धाडस होतंच. पण निर्णायक ठरली ती एक यांत्रिक युक्ती. शेपटीचा मागचा तुकडा हलवण्याऐवजी आडवी शेपटी अख्खीच हलवायची. पुढे अमेरिकेच्या सेबर या लढाऊ जेटमध्ये हीच युक्ती आली. येगर हवाई दलात भरती झाला होता तो विमानांचा मेकॅनिक म्हणून. यंत्र कुठे बोलतं हे त्याला ठाऊक होतं.

एरिक ब्राउन हा ब्रिटिश नौदलाचा वैमानिक या साऱ्या काळाचा चालताबोलता कोश म्हणावा असा. त्याने ४८७ प्रकारची विमानं उडवली, आणि हा आकडा आजही कुणी गाठलेला नाही. ३ डिसेंबर १९४५ रोजी एचएमएस ओशन या विमानवाहू जहाजावर त्याने व्हॅम्पायर उतरवलं. जहाजावर उतरलेलं हे पहिलं खरंखुरं जेट. शेवटच्या क्षणी इंजिन साथ देणार नाही हे गृहीत धरून त्याने जहाजाकडे येण्याची पद्धतच नव्याने बसवली होती.

जुन्या वैमानिकांना जेटवर बसवायचं कसं, याबद्दल तीन-चार परंपरा तयार झाल्या. सुरुवातीच्या बहुतेक जेट विमानांत एकच आसन होतं, म्हणजे पहिलं उड्डाणही एकट्यानेच. ब्रिटिश रीत अशी की हातात माहितीपुस्तिका द्यायची, कॉकपिटमध्ये बसवून डोळे मिटून प्रत्येक खटका सापडतो का ते पाहायचं, चार गोष्टी सांगायच्या आणि सोडून द्यायचं. दोन आसनी मीटिअर आलं ते १९४८मध्ये. दुसरीकडे याच ब्रिटनने १९४३मध्ये चाचणी वैमानिकांची शाळा सुरू करून धाडसाला मोजमापाची शिस्त लावली. अमेरिकेने टी-३३ हे दोन आसनी प्रशिक्षण जेट साडेसहा हजारांच्या घरात बनवलं आणि शिक्षणाचा जणू कारखाना उभा केला. सोव्हिएत पद्धतीत अख्खी रेजिमेंट एकत्र विमान बदले, आणि आकाशात वैमानिकाला जमिनीवरच्या रडार-नियंत्रकाच्या सूचनांनी बांधून ठेवलं जाई. मिग-१५चं इंजिन ब्रिटनने विकलेल्या रोल्स-रॉइस नीनवरून बेतलेलं होतं; वैमानिक घडवण्याची रीत मात्र त्यांची स्वतःची.

कोरियाच्या आकाशात १९५० ते १९५३ या परंपरा समोरासमोर आल्या. दोन्हीकडे महायुद्धात तयार झालेले वैमानिक होते. ६२ विमानं पाडणारा इव्हान कोझेदुब तिथे मिग-१५च्या डिव्हिजनचा प्रमुख होता, पण स्वतः लढाईत उडायला त्याला मनाई होती. शत्रूच्या हाती लागला तर सोव्हिएत सहभागाचं बिंग फुटलं असतं.

भारतीय हवाई दलाची कथा या नकाशात स्वतंत्र जागा मागते. १९३२मध्ये स्थापन झालेल्या या दलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ला कराचीत चार वापिती दुपंखी विमानांनिशी उभी राहिली. १९४५ साली दलाच्या नऊ स्क्वाड्रन झाल्या होत्या. इंफाळच्या वेढ्यात १९४४ साली अर्जनसिंग हरिकेनच्या पहिल्या स्क्वाड्रनचं नेतृत्व करत होते. स्वातंत्र्यानंतर दोनच महिन्यांनी काश्मीर पेटलं. २७ ऑक्टोबर १९४७पासून डाकोटा विमानं श्रीनगरला सैन्य उतरवू लागली. पुढच्या मे महिन्यात हवाई दलाचे मेहरसिंग जनरल थिमय्यांना शेजारी बसवून साडेअकरा हजार फुटांवरच्या लेहच्या वाळूच्या पट्टीवर उतरले. विमानात ना हवेचा दाब राखण्याची सोय, ना बर्फ रोखण्याची. प्रॉपेलरच्या युगातल्या कसबाचा हा कळस होता.

त्याच वर्षी, म्हणजे १९४८च्या नोव्हेंबरात, पहिली व्हॅम्पायर जेट विमानं भारतात आली, आणि आशियात जेट उडवणाऱ्या पहिल्या हवाई दलांमध्ये भारताचं नाव लागलं. गंमत अशी की या जेटचा मधला सांगाडा लाकडी होता, प्लायवूड आणि बाल्साचा. टेंपेस्टसारखं अडीच हजार अश्वशक्तीचं, सतत एका अंगाला ओढणारं धूड आवरणारे वैमानिक या हलक्या, शांत विमानात बसले. पुढच्या पंधरा वर्षांत त्यांनी फ्रेंच तूफानी आणि मिस्टेअर, ब्रिटिश हंटर, कॅनबेरा आणि नॅट, आणि १९६३मध्ये सोव्हिएत मिग-२१ पाहिलं. इतर देशांत एका कारखान्याच्या विमानांची वंशावळ चढत जायची. इथे दर चार-पाच वर्षांनी देश, भाषा आणि परिमाणंही बदलायची. काल फूट आणि नॉट, आज मीटर आणि किलोमीटर. चंदिगडच्या पहिल्या मिग स्क्वाड्रनचे प्रमुख दिलबागसिंग पुढे हवाई दलप्रमुख झाले. त्यांची भरती १९४४ची, म्हणजे प्रॉपेलरच्या काळातली.

जुनं आणि नवं एकत्र नांदत होतं, हे समजून घ्यायला पुण्याचं लोहगाव पाहावं. महायुद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमानं बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त करून उडती केली होती. चार प्रॉपेलरची ही विमानं १९६८पर्यंत सेवेत राहिली, म्हणजे मिग-२१ आल्यावर पाच वर्षं. लोहगावच्या एकाच धावपट्टीवरून ती समुद्राच्या टेहळणीला निघत आणि जेट इंजिनाची कॅनबेराही झेपावत. १८ डिसेंबर १९६१च्या सकाळी पुण्याहून गेलेल्या कॅनबेरांनी पोर्तुगीज गोव्यातली दाभोळीची धावपट्टी फोडली, तर बेळगावजवळच्या सांबऱ्याहून आलेल्या हंटरांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. तरीही त्या रात्री पोर्तुगीजांची प्रॉपेलरवर चालणारी दोन प्रवासी विमानं शिल्लक तुकड्यावरून उड्डाण घेऊन कराचीला निसटली. जेटसाठी निकामी झालेली धावपट्टी त्यांना पुरली.

मराठी वाचकाला या इतिहासात ओळखीची माणसं भेटतील. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर १९४०मध्ये दाखल झाले, काश्मीरच्या लढाईत महावीरचक्राचे मानकरी ठरले आणि १९७६ ते १९७८ हवाई दलप्रमुख होते.  त्यांच्यानंतर आलेले इद्रिस लतीफ यांनी सुरुवातीला वापिती उडवलेलं. निवृत्तीनंतर ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेल्या विष्णू माधव घाटग्यांनी एचटी-२ हे प्रॉपेलरचं प्रशिक्षण विमान रेखलं, ते १९५१ साली उडालं. त्यांच्याच पुढाकाराने आकाराला आलेलं किरण हे जेट १९६४मध्ये उडालं. दोन युगांमधली पायरी एकाच माणसाच्या रेखाटन-फळ्यावर तयार झाली.

सुरंजन दास यांचं नाव मात्र इथे आणखी जवळून पाहायला हवं. इंग्लंडच्या चाचणी वैमानिकांच्या शाळेत शिकलेल्या या अधिकाऱ्याने १७ जून १९६१ रोजी मारुत हे भारतात रेखलेलं पहिलं लढाऊ जेट उडवलं. त्याचा रचनाकार होता कुर्ट टांक, महायुद्धातल्या फोक-वुल्फ १९० या प्रॉपेलर विमानाचा जनक. म्हणजे फळ्यावरचा माणूसही त्याच उंबरठ्यावरून आलेला. मारुतचा सांगाडा वेगासाठी बेतलेला, पण त्याला साजेसं इंजिन कधी मिळालं नाही. अधिक ताकदीच्या इंजिनाचा प्रयोग चालू असताना १० जानेवारी १९७० रोजी उड्डाण घेतेवेळी कॉकपिटचं झाकण उघडलं आणि दास अपघातात गेले. विमानाच्या अपयशाची चर्चा पुष्कळ झाली. चाचणी वैमानिक आठवड्यामागून आठवडे जे मोजतो, लिहितो आणि नाकारतो, त्याची फारशी झाली नाही.

या विषयावरचं लेखन ढोबळमानाने चार घराण्यांत मोडतं. पहिलं पाडलेल्या विमानांचे आकडे मांडणाऱ्यांचं. ते वाचनीय असतं, पण दावे आणि नोंदी यांतली तफावत त्याला अडचणीची वाटते. दुसरं आत्मचरित्रांचं. ब्राउन, येगर, आपल्याकडे प्रतापचंद्र लाल अशांची पुस्तकं यात येतात. त्यांत कॉकपिटचा वास असतो आणि भीती मात्र थोडी पुसलेली असते. तिसरं स्क्वाड्रनच्या आणि सरकारी इतिहासांचं, ज्यात तारखा पक्क्या आणि माणसं धूसर. चौथं घराणं तंत्राच्या आणि अपघातांच्या अभ्यासकांचं. चौकशी अहवाल, इंजिनांच्या नोंदवह्या, इजेक्शन सीटचा इतिहास हे त्यांचं साहित्य. ब्रिटनमध्ये १९४९ साली संकटातल्या वैमानिकाला इजेक्शन सीटने पहिल्यांदा वाचवलं, पण एक आसनी व्हॅम्पायरमध्ये ती नव्हतीच. पाकिस्तानशी झालेल्या युद्धात १ सप्टेंबर १९६५च्या संध्याकाळी छांबवर पाठवलेल्या आपल्या व्हॅम्पायरांपैकी चार परतली नाहीत. त्या संध्याकाळचा अर्थ पहिल्या घराण्याला लागत नाही, चौथ्याला लागतो.

मराठीत पहिल्या दोन घराण्यांचं लेखन बऱ्यापैकी आहे, चौथ्याचं तुरळक. ही उणीव आता जाणवण्याची कारणं आहेत. मुळगावकर २०१५मध्ये गेले, ब्राउन २०१६मध्ये, अर्जनसिंग २०१७मध्ये, येगर २०२०मध्ये. साक्षीदार संपले की कागद उरतात, आणि ते वाचायला शिकावं लागतं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला मिग-२१ने निरोप घेतला. नाशिकजवळच्या ओझरला ज्यांनी ही विमानं बांधली त्या कामगारांच्या घरांतही तो दिवस पाळला गेला असेल. मिगच्या अपघातांवर वर्षानुवर्षं जी चर्चा झाली तिचा एक धागा याच पुस्तकाच्या विषयाला येऊन मिळतो. किरणवरून थेट मिगवर जाणाऱ्या तरुणाची उडी फार मोठी आहे, मध्ये प्रगत प्रशिक्षण जेट हवं, असं ला फाँटेन समितीने १९८२मध्ये सांगितलं. तशी हॉक विमानं हवाई दलात दाखल झाली २००८मध्ये. दोन युगांमधली पायरी कुणी बांधायची, हा १९४५चा प्रश्न तोवर सुटला नव्हता. आज ड्रोनसमोर बसलेल्या वैमानिकाकडून तर काटेही गेले, सीटही हलत नाही. त्याला आपल्या अनुभवातलं काय उपयोगी पडेल, हे ठरवताना जुन्या नोंदी कामाला येतील.

या संग्रहाने काय करायचं ठरवलं आहे, तेही सांगायला हवं. यातले लेख चरित्रांच्या रूपात असले तरी जन्मापासून निवृत्तीपर्यंत जात नाहीत. प्रत्येक लेख एका बदलापाशी थांबतो: एक माणूस, दोन विमानं आणि मधले काही महिने. तंत्राची माहिती गोष्टीच्या ओघात येते, वेगळ्या चौकटीत नाही. आकडे दिले आहेत ते दोन्ही बाजूंच्या नोंदी पडताळून. जुळले नाहीत तिथे दावा म्हणूनच दिले आहेत. काळाची मर्यादा १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, कारण त्यानंतर थेट जेटवर घडलेले वैमानिक वरच्या जागांवर येऊ लागले.

काही जागा रिकाम्या आहेत. युद्धकाळात ब्रिटनमध्ये कारखान्यांतून तळांवर विमानं पोचवणाऱ्या स्त्रियांपैकी मोजक्या मीटिअरपर्यंत पोचल्या होत्या. शांतता आली आणि लढाऊ जेटची दारं त्यांना बंद झाली. भारतात लढाऊ विमानांवर पहिल्या तीन स्त्रिया आल्या २०१६मध्ये. तो इतिहास दुसऱ्या पुस्तकाचा ऐवज आहे. पिस्टन सोडून टर्बाइन शिकलेल्या तंत्रज्ञांवरही इथे हवं तेवढं आलेलं नाही.

जुनं विसरावं की जपावं, या एका मुद्द्यावर लेखकांमध्ये मतभेद आहे आणि संपादनात तो मिटवलेला नाही. जर्मन वैमानिक योहानेस श्टाइनहोफ एप्रिल १९४५मध्ये म्युनिकजवळ जळत्या मेसरश्मिट २६२मधून विद्रूप चेहऱ्याने वाचला. १९६६मध्ये तो पश्चिम जर्मनीच्या हवाई दलाचा प्रमुख झाला, तेव्हा स्टारफायटर विमानं एकापाठोपाठ एक कोसळत होती. एकूण ९१६पैकी २९२ अशीच गेली. त्याने भर दिला तो देखभाल, प्रशिक्षण, नवी इजेक्शन सीट आणि नियमांवर. वैमानिकाच्या जुन्या रगीवर विसंबणं त्याला परवडणारं नव्हतं. अमेरिकेच्या रॉबिन ओल्ड्सने मस्टँगवर नाव कमावलं, युद्धानंतर ब्रिटिशांच्या मीटिअर स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं, आणि १९६७मध्ये व्हिएतनामवर फँटम घेऊन गेला. त्या फँटमला तोफच नव्हती, कारण क्षेपणास्त्रांच्या युगात जवळची झुंज होणार नाही असं ठरवून टाकलं होतं. २ जानेवारीला त्याने आपली फँटम विमानं बॉम्बफेकी थंडरचीफसारखी भासवून मिग-२१ना बाहेर ओढलं आणि त्याच्या तुकडीने सात पाडल्याचा दावा केला. तोफ काढून टाकणं ही घोडचूक आहे, हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. एकाने जुनं विसरायला लावलं, दुसऱ्याने विसरू नका म्हणून भांडण मांडलं. या दोघांवरचे लेख पुस्तकात मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. कुणाचं पारडं जड, ते वाचकाने दोन्ही वाचून ठरवावं.